लिओनिद क्रावचुक : सत्ता सोडण्याचा वारसा

युक्रेनचे पहिले अध्यक्ष क्रावचुक यांची संधिसाधू म्हणून बोळवण केली जाते. कम्युनिस्ट पक्षाचा विचारप्रचार सांभाळणारा हा नेता ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोतील उठाव फसल्यावरच उघडपणे स्वातंत्र्यवादी झाला आणि उठावाच्या पहिल्या दिवसांत त्याचे तळ्यात-मळ्यात चालले होते, हे खरेच. महागाईचे अपयश तर झाकण्याजोगे नाही. १९९३ या एका वर्षात भाव जवळजवळ शंभरपट झाले. तरीही वारसा जोखताना सत्ता मिळवली कशी याइतकेच ती सोडली कशी, हे पाहावे लागते. जून १९९३ मध्ये दोनबासचे खाणकामगार संपावर गेले, संसदेशी जुंपली, तेव्हा क्रावचुक यांनी मुदतपूर्व निवडणूक मान्य केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांनी असाच पेच मॉस्कोतील संसदभवनावर रणगाड्यांचा मारा करून सोडवला. १० जुलै १९९४ रोजी क्रावचुक निवडणुकीत प्रतिस्पर्धी कुचमांकडून हरले आणि मुकाट्याने खुर्चीवरून उठले.

त्यांचा नाइलाज होता, असा आक्षेप घेतला जातो. होता, पण नाइलाजातून पळवाटा काढणारे आसपास कमी नव्हते. कझाकस्तानात अध्यक्ष नझरबायेव यांनी १९९५ साली निवडणूक टाळून सार्वमताने मुदत वाढवून घेतली. आणि क्रावचुक हरले त्याच दिवशी शेजारच्या बेलारूसमध्ये लुकाशेन्को निवडून आले; २०२५ साली त्यांनी सातव्यांदा अध्यक्षपदाची शपथ घेतली.