गिरणगावचा रविवार



मराठीत शाळा ‘सुटते’, कचेरी ‘सुटते’ आणि गिरणीही ‘सुटते’. दाव्याचे जनावर सुटावे तसा माणूस कामावरून सुटतो आणि त्या सुटण्यालाच आपण सुट्टी म्हणतो. काम आणि घर यांचा मेळ कसा घालावा, हा हल्ली मोठ्या पगाराच्या नोकरदारांचा प्रश्न समजला जातो. त्यावर शिबिरे भरतात, पुस्तके निघतात. परंतु मुंबईत हा प्रश्न चव्हाट्यावर आणला तो बहुतांशी निरक्षर अशा गिरणी कामगारांनी, आणि तोही १८८४ साली. ती हकीकत आज आपणापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे. आम्ही पदवीधर इतिहासकार नव्हे. संघटनेचे काम करता करता वाचनालयात बसून जे वाचले, तेवढेच आमचे भांडवल.

गिरण्या येण्यापूर्वी आपल्याकडे विसावा मुळीच नव्हता असे नाही. पुष्कळ गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नसत. तो महादेवाच्या नंदीचा वार. गवंडी आणि सुतार अमावास्येला हत्यार उचलीत नसत, पंतोजींच्या शाळेला अनध्याय असे, आणि बाजाराच्या दिवशी निम्मे गाव बाजाराला जाई. पेरणी-काढणीला रात्रीचा दिवस करायचा, मग पुढे थोडे सैल बसायचे, अशी एक चाल होती. म्हणून जुना काळ सुखाचा होता असे मात्र कोणी समजू नये. सालगड्याचा खाडा हिशेबात धरला जाई, आणि मेलेले ढोर ओढणे ज्याच्या वाट्याला आले होते त्याला तिथी-वार कोणी विचारीत नव्हते.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी केली. त्यानंतरच्या तीस वर्षांत कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे गिरण्यांत आली. त्यांच्यापुढे एक नवेच घड्याळ उभे राहिले. गिरणी सूर्योदयाला सुरू होई आणि सूर्यास्ताला सुटे. हिवाळ्यात हे दहा-अकरा तास भरत, उन्हाळ्यात तेराच्याही वर जात. गावाकडे उन्हाळा म्हणजे शेतीची कामे उरकलेला काळ. इथे तोच सर्वांत लांब दिवस! गावी बैलाला सोमवार मिळत होता, पण त्याच्या धन्याच्या मुलाला गिरणीत कोणताच वार मिळत नव्हता. मधूनमधून यंत्रे साफ करण्यासाठी गिरणी थांबे, तेव्हा ती साफ करायलाही हाच माणूस लागे.

१८८१ साली पहिला कारखाने कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना काम बंद केले, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली आणि महिन्यातून चार सुट्ट्या दिल्या. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात काहीच नव्हते. इथे एक अवघड गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा जोर होता, आणि त्यांना मुंबईच्या कामगाराचा कळवळा नव्हता, मुंबईच्या स्वस्त कापडाची धास्ती होती. म्हणून आपल्याकडील राष्ट्रीय वृत्तीच्या पत्रांनी, त्यांत ‘केसरी’ही आला, असल्या कायद्यांना विरोध केला. देशी धंदा वाचला पाहिजे हे त्यांचे म्हणणे खरेच होते. पण तो वाचवायचा कोणाच्या दुपारच्या विसाव्यावर, कोणाच्या झोपेवर, हे त्यांनी विचारले नाही. पुढे १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा याच गिरणी कामगारांनी सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या. आम्हांस यात कामगारांचे मन मोठे दिसते.

विचारणारा माणूस निघाला तो नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८ चा, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला, काही काळ गिरणीत स्टोअरकीपर, आणि १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्राचा संपादक. १८८४ च्या सप्टेंबरात त्यांनी परळला कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज त्या वेळच्या फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या अशा: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार, आणि कामात दुखापत झाल्यास भरपाई. पगारवाढ या यादीत नाही. पोट हातावर असलेल्या माणसांनी आधी वेळ मागितला, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हे. १० जूनला गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली, आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी सर्व कामगारांना लागू झाली. हल्ली दरवर्षी या सुमारास अशी वार्ता फिरते की लोखंड्यांनी साऱ्या हिंदुस्थानाला रविवार मिळवून दिला. तसे नाही. सरकारी कचेऱ्यांना रविवार आधीपासून होता. लोखंड्यांनी तो साच्यावरच्या माणसापर्यंत आणला, आणि एवढे श्रेय पुरेसे मोठे आहे.

मालकांची तक्रार अशी की, इथला कामगार मुळातच आळशी. पाळीत बिडी ओढायला बाहेर जातो, आवारात हिंडतो, शिमग्याला न सांगता गावी पळतो. १९०८ च्या कमिशनपुढेही ही तक्रार आली. माणसे बाहेर जात हे खरेच. पण चौदा तास एका चालीने चालणारे यंत्र असते, माणूस नव्हे. जी विश्रांती हक्काने दिली नाही ती त्याने चिमटीचिमटीने घेतली. आणि गावी जाणे म्हणाल, तर त्याचे घर तिथेच होते. मुंबईत त्याला गाळ्यात पथारीपुरती जागा होती. एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची पथारी तो उचलायचा.

मिळालेल्या रविवारवर घाला आला तो विजेच्या दिव्यांनी. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत दिवे लागले आणि सूर्याने घातलेली मर्यादाही गेली. काम चौदा-पंधरा तासांवर गेले. १९११ च्या कायद्याने ते बारांवर आणले. १९२० च्या जानेवारीतील सार्वत्रिक संपानंतर मुंबईत दहा तास झाले. १९२२ ला आठवड्याचे साठ, १९३४ ला चोपन्न, १९४६ ला अठ्ठेचाळीस. १९४८ च्या कायद्यात तेच कायम झाले. एकेक तास उतरायला अशी वर्षे लागली.

त्या मिळविलेल्या वेळात गिरणगावाने काय केले? भजने केली, तालमी चालविल्या, तमाशे पाहिले, रात्रीच्या शाळेत अक्षरे गिरविली. दारूही प्यायली, ते झाकण्यात अर्थ नाही.

पण हा सगळा पुरुषांचा रविवार झाला. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले आणि त्यांना दीड तासाची विश्रांती दिली, ती गिरणीच्या दारापर्यंतच. दाराबाहेर नळ होता, दळण होते, धुणे होते. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणारी खानावळवाली तर कोणत्याच कायद्यात बसत नव्हती, कारण तिचा कारखाना म्हणजे तिचीच खोली. कामगार संघटनांच्या मागण्यांच्या जुन्या याद्या आम्ही चाळल्या. पगार, महागाईभत्ता, बोनस सारे आहे, ती नाही. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले, तेव्हा कोठे या बायका एकत्र आल्या आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. सावकाराच्या आणि वाण्याच्या उधारीतून पुष्कळ जणी मोकळ्या झाल्या. रविवारी खानावळ बंद ठेवणे मात्र त्यांना जमण्यासारखे नव्हते. त्या दिवशी सगळे जेवणारे घरी असत, आणि त्यांना जेवण रोजच्यापेक्षा चांगले हवे असे.