धड्यातलं एक गाव

आठवीच्या इतिहासात सविनय कायदेभंगाचा धडा येतो. दांडी, धारासना, सोलापूर झालं की जंगल सत्याग्रहाच्या गावांची नावं ओळीने येतात. त्यातलं एक चिरनेर. मुलं ते बिळाशी-कळवणच्या जोडीला पाठ करतात, गाळलेल्या जागेत भरतात आणि विसरतात. चिरनेर शेजारच्या उरण तालुक्यात आहे, आमच्या पनवेलपासून तासाभराच्या आत.

मी इथे इतिहास शिकवतो. हे नाव आलं की पुस्तक बाजूला ठेवायला सांगतो आणि फळ्यावर तारीख लिहितो : २५ सप्टेंबर १९३०. सरपण, लाकूडफाटा, गुरांची चराई यांवर गावं जगत होती, आणि सरकारच्या राखीव जंगलात विनापरवाना झाड तोडणं गुन्हा होता. त्या दिवशी अक्कादेवीच्या डोंगरावर शेकडो लोकांनी तो गुन्हा ठरवून, उघडपणे केला. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ सत्याग्रही गेले.

मग मी त्यांची आडनावं वाचतो. पाटील, म्हात्रे, कोळी, कातकरी. हजेरी घेताना मी रोज हीच तर पुकारतो. मागच्या बाकांवरची कुजबुज इथे थांबते.

तास इथेच संपवला तर ती नुसती शौर्यकथा होईल. तशा कथा मुलांना मोबाइलवर रोज मिळतात, पार्श्वसंगीतासकट. म्हणून मी पुढचं सांगतो : त्या दिवशी मामलेदार जोशीही मेले. ते सरकारी अधिकारी.

वर्ग गोंधळतो. "सर, पण ते तर त्यांच्या बाजूचे ना?"

त्यांच्या म्हणजे कोणाच्या? बंदूक धरणारे शिपाई तरी कुठे विलायतेहून आले होते? पगार, हुकूम, भीती, गाव, जात, पोट... मुलं एकेक शब्द फळ्यावर आणतात. तासाची घंटा होते, वाद चालूच राहतो.

त्या दिवशीचा गृहपाठ एकच असतो. घरी विचारा, जानेवारी १९८४ मध्ये काय झालं होतं?

वर्गातली बरीच मुलं नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या गावांतली. त्यांना 'साडेबारा टक्के' हा शब्द प्लॉटच्या जाहिरातींतून माहीत असतो. दुसऱ्या दिवशी तो आजीच्या तोंडून ऐकून येतात. दि. बा. पाटील, जासई, दास्तान फाटा, १६ आणि १७ जानेवारीचा गोळीबार, पाच मृत्यू. त्यानंतर शेतकऱ्यांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना आली. कुणी जुन्या सातबाऱ्याचा फोटो काढून आणतं. त्यातली भातशेती आता कुठल्या सेक्टरमध्ये आहे, हे नकाशावर शोधताना भूगोलही होऊन जातो.

आणि मग दोन्ही तारखा फळ्यावर शेजारी-शेजारी असताना कुणीतरी विचारतंच, "सर, चौऱ्याऐंशीला तर आपलंच सरकार होतं ना?"

याचं उत्तर मी देत नाही. त्याच पुस्तकाच्या मागच्या भागात राज्यशास्त्र आहे, संसद आहे, न्यायव्यवस्था आहे. एरवी मुलं ती पानं मुद्दे मोजत वाचतात. आता त्यांना तिथे काहीतरी शोधायचं असतं.

परीक्षेत चिरनेर पुन्हा गाळलेल्या जागेतच येईल, एका मार्काला. तो मार्क मिळायलाच हवा. पण चार-पाच वर्षांत ही मुलं अठराची होतील. घरातल्या जमिनीच्या कागदांवर त्यांच्याही सह्या लागतील. सही करण्याआधी समोरच्याला काय विचारायचं, याचा सराव कुठेतरी व्हायला हवा. तो माझ्या तासाला व्हावा, एवढीच माझी इच्छा आहे.