शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी तीन स्तरांची मदत म्हणजे काय?

अभ्यासात मागे पडलेल्या मुलासाठी मराठी शाळांत एकच अक्षर पुरतं: ‘ढ’. पण ते मूल नेमकं कुठे अडलंय? जोडाक्षरांवर, हातच्याच्या वजाबाकीवर, की फळ्यावरचं नीट दिसतच नाही म्हणून? ‘ढ’ म्हटल्यावर यातलं काहीच कळत नाही. स्तरनिहाय मदतीची पद्धत आधी हेच शोधते.

पहिला स्तर अख्ख्या वर्गासाठी असतो: सगळ्यांना नीट शिकवणं आणि सगळ्यांची सुरुवातीची चाचणी. त्यानंतरही अडणाऱ्या मुलांचा छोटा गट करून काही आठवडे रोज जादा सराव घेणं हा दुसरा स्तर. तरीही फरक पडला नाही, तर त्या एका मुलासाठी वेगळी योजना आणि तज्ज्ञांकडून तपासणी हा तिसरा. अमेरिकेत २००४ च्या विशेष शिक्षण कायद्यानंतर ही पद्धत फोफावली.

आपल्याकडे काय आहे?

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा शिकवणं हे शिक्षकाचं कर्तव्यच आहे. महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि पायाभूत चाचणी शाळाशाळांत पोहोचली.

दुसऱ्या स्तराचा उत्तम पुरावा मात्र त्याआधीचा, आणि मुंबईचा आहे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमात वस्तीतलीच एखादी तरुणी मागे पडलेल्या १५-२० मुलांना शाळेच्या वेळेतच सुमारे दोन तास वेगळं बसवून पहिली-दुसरीच्या पायाभूत गोष्टी शिकवायची. मुंबई आणि बडोद्यातल्या शाळांचा अभ्यास अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केला. गुण वाढले होते. ही वाढ मुख्यतः बालसखीकडे गेलेल्या मुलांची होती. मागे राहिलेल्यांचा वर्ग त्या वेळात लहान झाला होता, तरी त्यांच्यात तसा फरक दिसला नाही. म्हणजे नुसती पटसंख्या घटवून भागत नाही, मुलाच्या पातळीवरून शिकवावं लागतं.

गोंदियात अडचण कुठे येते?

गोंदिया जिल्ह्यात चाचणीचा निकाल वाचतानाच चूक होऊ शकते. देवरी, सालेकसा भागात गोंडी बोलणारी घरं आहेत. इतरत्र पोवारी, झाडीबोली आणि सीमेलगत हिंदी. घरी पाण्याला ‘येर’ म्हणणारं पहिलीतलं मूल मराठी धडा अडखळत वाचतं, तेव्हा त्याला अक्षरं येत नाहीत की शब्दच नवा आहे, हे वेगळं तपासावं लागतं. पहिल्या मुलाला अक्षरांचा सराव हवा. दुसऱ्याला आधी भरपूर ऐकायला-बोलायला हवं. त्याला बाराखडी पुन्हा गिरवायला लावणं म्हणजे वेळ घालवणं.

गैरहजेरीचंही तसंच. जुलैत रोवणी, मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, पुढे तेंदूपत्ता. मोठी माणसं कामावर गेली की धाकट्यांना सांभाळायला एखादं मूल घरी राहतं. त्याचा बुडालेला भाग भरून काढला तर ते दुसऱ्या स्तरावरच सावरू शकतं. तिसऱ्या स्तरासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आणि समग्र शिक्षातले विशेष शिक्षक असतात. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही येते. तरीही आधी डोळे आणि कान तपासून घेतलेले बरे.

आणि वर्गात त्रास देणाऱ्या मुलांचं?

पायऱ्या त्याच. आधी सगळ्यांना एकच, समजणारे नियम, मग त्या मुलाशी रोज दोन मिनिटं बोलणं आणि पालकांची भेट, शेवटी समुपदेशन. मारणं आणि मानसिक छळ कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. वाचनाच्याच तासाला दरवेळी पाणी प्यायला जाणाऱ्या मुलाची आधी वाचनाची पातळी पाहावी. खोड्यांचं कारण अनेकदा तिथेच सापडतं.

यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते गटातून बाहेर पडण्याकडे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळताना फेरचाचणी राहून जाते, आणि तात्पुरता गट कायमचा ‘ढ’ गट बनतो. काही आठवड्यांनी पुन्हा तपासून मुलाला वर्गात परत पाठवणं किंवा पुढच्या स्तराकडे नेणं हा या पद्धतीचाच भाग आहे. २०२३ च्या नियमबदलानंतर राज्यात पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे. नापास मुलाला पूरक मार्गदर्शन आणि फेरपरीक्षा मिळते, पण तीही हुकली तर त्याच वर्गात बसावं लागतं. दुसरीत अडलेलं मूल तोवर तीन वर्षं तसंच पुढे सरकलेलं असतं. म्हणून पालकांनी शाळेत टक्क्यांसोबत आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: मूल सध्या कोणत्या पातळीवर वाचतं, आणि पुढची तपासणी कधी आहे?