अश्रूंचा पहारा

ब्रह्मपुरी, आरमोरी या धानपट्ट्यात मळणीच्या दिवसांत डोळ्यात तूस जाणे नित्याचेच. बहुतेक डोळे त्यातून सुखरूप सुटतात. या नैसर्गिक संरक्षणाचा एक धागा लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात गवसला. १९२१ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना नाकातील स्रावात जंतू विरघळविणारे द्रव्य आढळले. अश्रूंत तर ते विपुल निघाले. मग सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळून आसवे जमविण्यात आली! विज्ञानासाठी ढाळलेली आसवेच ती. १९२२ साली ‘लायसोझाइम’ या नावाने हे संशोधन प्रसिद्ध झाले. मात्र अनेक घातक जंतू त्याला दाद देत नाहीत, हे फ्लेमिंग यांनाही उमगले होते. म्हणूनच तुसाने बुबुळावर ओरखडा उमटला, की अश्रूंचा पहारा अपुरा पडतो. जंतू वा बुरशी आत शिरून व्रण होतो आणि उपचारास विलंब झाल्यास दृष्टी गमावण्याची वेळ येते.