मेमरी लॉस्ट

कुठलंही यंत्र अडकलं की आपल्या घराघरात एकच उपाय: बंद करून परत चालू कर! खिशातल्या कॅलक्युलेटरला हा उपाय एके काळी हमखास लागू पडायचा. मग तो पडेनासा झाला. का, ते आज सांगतो.

१९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डने 'एचपी-३५' काढला. साइन, लॉग वगैरे काढणारा आणि तरी खिशात मावणारा हा पहिलाच. बटणं ३५, किंमत ३९५ डॉलर! (स्लाइड रूलला घरी बसवलं ते यानेच.) त्याला सरकवायचा स्विच होता. तो सरकवला की वीज खरोखर तुटायची आणि पाटी कोरी. अडकायचं म्हटलं तरी किती अडकणार?

१९७५ च्या 'एचपी-२५' मध्ये ४९ पायऱ्यांचा प्रोग्रॅम भरता यायचा. एकेक बटण दाबून भरायचा आणि बंद केला की गेला! म्हणून १९७६ साली 'एचपी-२५सी' आला. यंत्र बंद असतानाही बॅटरीतली थेंबभर वीज मेमरीला मिळत राहायची. केलेलं काम सकाळी जसंच्या तसं. केवढी सोय!

पण मेमरीला बरं-वाईट कळत नाही. स्थिर विजेचा झटका बसून किंवा बॅटरी मरगळून आत काही चुकीचं लिहिलं गेलं, तर तेही ती तितक्याच निष्ठेने जपते. त्यात पुढे खरा स्विच गेला आणि 'ऑन' हेही इतर बटणांसारखं एक बटण झालं. म्हणजे ते दाबणं ही प्रोसेसरला केलेली विनंती. तोच अडकला असेल तर ऐकणार कोण?

म्हणून मग रीसेट आला. १९७९ च्या 'एचपी-४१सी' मध्ये मागे जाण्याच्या बाणाचं बटण दाबून धरायचं आणि यंत्र चालू करायचं. पडद्यावर शब्द उमटायचे: 'मेमरी लॉस्ट'. यंत्र ठणठणीत, पण आठवण गेलेली. हेच मॉडेल १९८१ साली कोलंबिया यानातून अवकाशात गेलं होतं, म्हणजे त्यात काय काय साठवलेलं असायचं याची कल्पना करा. १९८१ च्याच 'एचपी-१२सी' वर अशा वेळी 'पीआर एरर' एवढंच दिसतं.

आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पोरांना ठाऊक असलेला मंत्र म्हणजे कॅसिओ एफएक्स-९९१एमएसचा: शिफ्ट, मोड, ३, बरोबर. काही मॉडेलांना पाठीमागे बारीक भोक असतं, त्यात टोकदार काडी खुपसायची. बटणं मुळीच दाद देत नसतील तर बॅटरी काढून थोडा वेळ थांबायचं.

मला यातली ती अदलाबदल विलक्षण वाटते. यंत्र विसरू नये म्हणून माणसांनी इतकी खटपट केली, आणि तेच अडकलं की सोडवायला विसरणं हाच उपाय उरला. म्हणून एचपी-४१ वाले आपले प्रोग्रॅम चुंबकीय कार्डांवर उतरवून ठेवत. आपल्याला साधी वही पुरे.

असो. कुणाच्या कपाटात असा जुना कॅलक्युलेटर गप्प पडला असेल तर जरूर कळवा. टाकून मात्र देऊ नका!