वेम्बलीचं मैदान आणि बायकांचा खेळ

लंडनचं वेम्बली स्टेडियम बघायला गेलं, की आधी मान वर जाते. डोक्यावर भलीमोठी पोलादी कमान, आत ९० हजार खुर्च्या. ही नवी इमारत २००७ सालची. पण मला सांगायची आहे ती फुटबॉल खेळणाऱ्या बायकांची गोष्ट.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा इंग्लंडच्या बायका दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामाला लागल्या. तिथंच त्यांचे संघ तयार झाले. सामने खेळून त्या जखमी सैनिकांसाठी पैसे जमवत. १९२० साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिव्हरपूलला त्यांचा सामना बघायला ५३ हजार लोक आले. पुढच्याच वर्षी फुटबॉल संघटनेनं ठरवलं, हा खेळ बायकांना शोभत नाही. क्लबांची मैदानं त्यांना बंद झाली, ती जवळजवळ ५० वर्षं. १९२३ साली वेम्बलीचं जुनं स्टेडियम उघडलं, तेव्हाही ही बंदी होतीच. तरी बायका मिळेल त्या जागी खेळत राहिल्या.

३१ जुलै २०२२ ला वेम्बलीत इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवून युरोपचा चषक जिंकला. बघायला ८७,१९२ माणसं होती.

बायकांचा खेळ बघायला कोण येणार, असं कुणी विचारलं, तर हे दोन आकडे सांगा.