शिंदळ माकुडीची तीन बारशी

माणसाचे बारसे एकदाच होते; फार तर सासरी गेल्यावर मुलीचे नाव बदलते. पण आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर एक चिमुकली वनस्पती आहे, तिची पंडितांनी तीन बारशी केली. तरी डोंगरातल्या माणसांनी तिला दिलेले नाव आहे तसेच राहिले. ते नाव शिंदळ माकुडी. ह्यातला पहिला शब्द चारचौघांत, विशेषतः वडीलधाऱ्यांसमोर उच्चारताना जीभ जरा अडखळते, हे मी कबूल करतो. आमच्या घरी म्हणूनच तिला नुसती ‘माकुडी’ म्हणतात.

माझ्या घराच्या पूर्वेच्या भिंतीलगत आंब्याची सावली पडते. तेथे एका पसरट कुंडीत ती गेली काही वर्षे नांदते आहे. बोटाएवढे जाड, गुळगुळीत, मांसल दांडे. पावसाळ्यात त्यांवर हिरवी पाने. आणि पाऊस ओसरू लागला की गर्द तांबड्या रंगाची, पिवळे ठिपके ल्यालेली पाच पाकळ्यांची चांदणी. ह्या फुलाला मोगऱ्याचा सुवास नाही. त्याचे गिऱ्हाईक भुंगा नव्हे, माशी! रुईच्या कुळातले हे झाड. रुईप्रमाणेच हिच्या शेंगा फुटल्या की रेशमी केसांचे बी वाऱ्यावर तरंगत जाते. हिच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक माकड्यांना पाने जवळजवळ नसतातच. हिला मात्र पावसाळाभर चांगली पाने असतात आणि उन्हाळ्यात ती गळून नुसते दांडे उरतात. म्हणूनच वनस्पतिशास्त्रज्ञांना हिचे एवढे अप्रूप.

आता पहिल्या बारशाची हकीकत. पुण्याजवळ दापोडीला 1828 साली गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांच्या काळात सरकारी वनस्पतिबाग उभी राहिली. 1838 पासून तिचा कारभार डॉ. अलेक्झांडर गिब्सन नावाच्या स्कॉटिश वैद्याकडे होता. पलटणीच्या दवाखान्यांसाठी देशी औषधी लावून पाहाव्या, हा त्या बागेचा एक हेतू. आणि ह्याच कामासाठी जुन्नरजवळ हिवरे येथे तिची एक शाखाही होती. बागेतल्या वनस्पतींची एका हिंदी-पोर्तुगीज चित्रकाराने काढलेली सुरेख चित्रे आज एडिंबरोच्या राजेशाही वनस्पतिबागेत जपून ठेवलेली आहेत. चित्रकाराचे नाव मात्र काळाने पुसून टाकले. नावांचा हा खेळ पुढेही दिसेल.

गिब्सन 1847 साली मुंबई इलाख्याचे जंगलखात्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यामागून त्या जागेवर निकोल अलेक्झांडर डॅल्झेल आले. दोघांनी मिळून 1861 साली ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1864 साली, लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात डॅल्झेल ह्यांनी जुन्नरच्या डोंगरांतली ही नवी वनस्पती जगापुढे मांडली. तिच्यासाठी त्यांनी स्वतंत्र प्रजातीच निर्माण केली आणि नाव दिले ‘फ्रेरिया इंडिका’.

हे फ्रेरिया म्हणजे तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर. मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून शहराला मोकळा श्वास देणारे ते हेच. त्यांचा आणि मराठी मुलखाचा संबंध मात्र त्याहून जुना. ते 1847 साली साताऱ्याला रेसिडेंट होते. 1848 साली छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, आणि तो मान्य करावा असे फ्रेअर ह्यांचे मत होते. डलहौसीने ते मानले नाही. संस्थान खालसा झाले, आणि त्याच फ्रेअरसाहेबांना तिथला कारभार पाहावा लागला. त्यांची कन्या मेरी हिने आपली आया ॲना लिबराटा डिसूझा हिच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी 1868 साली ‘ओल्ड डेक्कन डेज’ ह्या नावाने छापल्या, हे मुलाबाळांना सांगण्याजोगे आहे. आणि योगायोग पाहा, फ्रेअरांचे नाव लाभलेली ही वनस्पती पुढे साताऱ्याच्या सज्जनगडावरही आढळली!

दुसरे बारसे 1958 साली झाले. गॉर्डन राउली ह्या इंग्रज तज्ज्ञाला वाटले, हिला वेगळी प्रजाती कशाला? ही तर ‘कॅरालुमा’तलीच. पण त्या घरात ‘इंडिका’ नावाची एक वनस्पती आधीच होती, आणि एका प्रजातीत एकाच नावाच्या दोघी चालत नाहीत. तेव्हा त्याने हिला ‘कॅरालुमा फ्रेरी’ केले. पुढे तिसऱ्या बारशात ती ‘बौसेरोसिया फ्रेरी’ झाली. म्हणजे गंमत अशी झाली, की नावातला हिंदुस्थान गेला आणि गव्हर्नरसाहेब तेवढे राहिले! आपल्याकडचे कित्येक अभ्यासक अजूनही जुनेच नाव वापरतात, ते मला ह्या कारणानेही आवडते.

पण वाचकहो, नावापेक्षा जिवाचा प्रश्न मोठा आहे. ही वनस्पती रानात उगवते ती जगात फक्त महाराष्ट्रात, आणि तीही शिवनेरी, सज्जनगड, पुरंदरजवळचा वज्रगड अशा मोजक्याच कड्यांवर. जिथे शेळीचे तोंड पोहोचत नाही तिथे ती टिकली. तिच्यावर शेळ्यांचा डोळा, संग्राहकांचा डोळा, आणि वणव्याची झळ. तिचे नाव निर्यातबंदीच्या यादीत घालावे लागले.

लागवड मात्र सोपी. बागेतल्याच झाडाचा छाट घ्यावा, कड्यावरचा कधीही नव्हे. कापलेले टोक काही दिवस सावलीत सुकू द्यावे आणि मग खडी, मुरूम व थोडी माती ह्यांच्या मिश्रणात लावावे. सकाळचे कोवळे ऊन आणि दुपारची सावली तिला मानवते, कारण कड्याच्या कपारीत तिला तसेच लाभत असते. पावसाळ्यात पाणी द्यावे, पण कुंडीत साचू देऊ नये. पाने गळू लागली की हात आखडता घ्यावा. पाने गळाली म्हणून झाड मेले असे समजून जो पाणी ओततो, तो ते खरोखरच मारतो. दांडे मुळाशी कुजतात.

एवढे सोपे आहे, तर मग काळजी कसली, असे कोणी विचारील. उत्तर असे, की एका दांड्याच्या छाटांपासून शंभर कुंड्या भरल्या, तरी ती शंभर झाडे वास्तविक एकच. एकाला जी कीड मारील ती शंभरांना मारील. निरनिराळ्या कड्यांवर, निरनिराळ्या वाऱ्यापावसात, माश्यांनी परागकण वाहून ज्या बिया धरल्या, त्यांतले वैविध्य माझ्या आंब्याखाली निर्माण होणार नाही. सावलीतली कुंडी ही आठवण आहे. वंश चालतो तो कड्यावर.

म्हणून ह्या सुट्टीत शिवनेरीला किंवा सज्जनगडाला गेलात, आणि एखाद्या कपारीत तांबडी चांदणी दिसली, तर मुलांना ती लांबून दाखवा, तिचे मराठी नाव न लाजता सांगा, आणि हात न लावता पुढे चला.